कोलंबस, इंडियानामध्ये नवीन आलात? सूर्यास्त आणि अंधाराचं गणित आधी समजून घ्या

पुण्याहून कमिन्स कंपनीच्या कामासाठी कोलंबसला येणाऱ्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात, घर कुठल्या भागात बघू, गाडी कुठली घेऊ, शाळा कशा आहेत, कढीपत्ता मिळतो का वगैरे. सूर्य कधी मावळतो हे कोणीच विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त गोंधळ त्यानेच होतो. जूनमध्ये आलेल्या माणसाला रात्री नऊला लख्ख उजेड दिसतो आणि मुलं झोपायचं नाव घेत नाहीत, डिसेंबरमध्ये आलेल्याला सकाळी पावणेआठला अजून झुंजुमुंजूच दिसतं आणि संध्याकाळी ऑफिसमधून बाहेर पडेपर्यंत काळोख. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय, क्रमाने वाचलंत तर पहिल्या आठवड्यातच सगळं सेट होईल.

आधी फोनमधलं शहर तपासा

हे सगळ्यात पहिलं करा. अमेरिकेत कोलंबस नावाची गावं बरीच आहेत आणि नुसतं कोलंबस टाईप केलं की जवळजवळ प्रत्येक अॅप ओहायोचं कोलंबस दाखवतं कारण ते मोठं शहर आहे. तिथला सूर्यास्त आपल्यापेक्षा साधारण 12 मिनिटं आधी होतो, कारण ते आपल्या पूर्वेला जवळपास तीन अंश रेखांशावर आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात. हवामान तर वेगळंच. त्यामुळे अॅपमध्ये शहराच्या नावाऐवजी झिपकोड (इथला पिनकोड) टाका, 47201 किंवा 47203, म्हणजे विषय संपला. हेच पंचांगाच्या वेबसाइटला पण लागू आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

घड्याळ आणि सूर्य इथे जुळत नाहीत, ते का

कोलंबस ईस्टर्न टाइममध्ये आहे पण त्या झोनच्या पार पश्चिमेकडच्या टोकाला. ईस्टर्न टाइम 75 अंश पश्चिम रेखांशावर बेतलेला आहे, आपण आहोत जवळपास 86 अंशावर. म्हणजे आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात बारा वाजता नाही, तर हिवाळ्यात पाऊणच्या आसपास आणि उन्हाळ्यात डेलाइट सेव्हिंगमुळे, म्हणजे घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं त्यामुळे, पावणेदोनला. बोस्टनही ह्याच टाइम झोनमध्ये आहे, तिथे जूनच्या शेवटी सूर्यास्त 8:25 ला होतो आणि आपल्याकडे 9:14 ला. घड्याळ एकच पण संध्याकाळ पाऊण तासापेक्षा जास्त लांबलेली.

इंडियानाचं प्रकरण तसंही जरा वेगळं आहे. 2006 पर्यंत ह्या राज्याचा बराचसा भाग उन्हाळ्यात घड्याळ बदलतच नव्हता, कोलंबससुद्धा नाही. इथले जुने शेजारी अजून त्यावर तावातावाने बोलतात, कोणाला नवीन पद्धत आवडते कोणाला नाही. आणि राज्यातल्या 12 काउंट्या (म्हणजे जिल्हे), शिकागोच्या बाजूच्या काही आणि खाली एव्हन्सव्हिलच्या बाजूच्या काही, सेंट्रल टाइमवर चालतात. तर वीकएंडला एव्हन्सव्हिल किंवा शिकागोला निघालात तर तिथे एक तास मागचं घड्याळ आहे हे धरूनच हॉटेलचं चेक-इन आणि परतीचा प्रवास ठरवा.

सूर्यास्त म्हणजे अंधार नव्हे, तीन वेळा लक्षात ठेवा

पुण्यात सूर्य मावळला की वीस-पंचवीस मिनिटांत दिवे लावावेच लागतात. इथे आपण विषुववृत्तापासून खूप लांब आहोत, 39 अंश उत्तरेला, त्यामुळे सूर्य तिरका तिरका खाली जातो आणि संधिप्रकाश रेंगाळतो. चांगल्या अॅपमध्ये किंवा टाइम अँड डेटच्या साइटवर सूर्यास्ताबरोबर तीन ट्वायलाइट दिलेले असतात:

सिव्हिल ट्वायलाइट संपतो तेव्हा सूर्य क्षितिजाच्या 6 अंश खाली गेलेला असतो. तोपर्यंत बाहेर दिव्याशिवाय वावरता येतं, मुलं अंगणात खेळू शकतात. रोजच्या जगण्यात हीच वेळ कामाची.
नॉटिकल, 12 अंश खाली. आकाशात निळसर उजेड असतो पण जमिनीवर नीट दिसत नाही.
अॅस्ट्रॉनॉमिकल, 18 अंश खाली. ह्यानंतर खरी रात्र.

आता आकडे बघा. 21 जूनला सूर्यास्त 9:13, सिव्हिल ट्वायलाइट संपतो 9:46 ला, आणि पूर्ण काळोख व्हायला रात्रीचे सव्वाअकरा वाजतात. म्हणजे सूर्य मावळल्यावर तब्बल दोन तास! आणि 21 डिसेंबरला सूर्यास्त 5:24, सिव्हिल 5:54 ला खलास, सात वाजता मिट्ट काळोख. ह्यात ढग धरलेले नाहीत, ढगाळ दिवशी, आणि हिवाळ्यात इथे ढगाळ दिवस भरपूर असतात, ह्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच अंधारून येतं.

वर्षभराचा अंदाज

दर महिन्याच्या 15 तारखेचे आकडे देते, मिनिट-दोन मिनिटं इकडेतिकडे होईल. जानेवारी 5:44, फेब्रुवारी 6:20, एप्रिल 8:20, मे 8:49, जुलै 9:10, ऑगस्ट 8:40, सप्टेंबर 7:53, ऑक्टोबर 7:06, नोव्हेंबर 5:30. जून आणि डिसेंबर वर आलेच, मार्च मुद्दाम गाळलाय कारण त्या महिन्यात मध्येच घड्याळ बदलतं.

पुण्यात वर्षभरात सूर्यास्त साधारण सहा ते सव्वासात एवढ्यातच फिरतो, सव्वा तासाचा फरक, त्यामुळे संध्याकाळ म्हटलं की आपल्या डोक्यात एक ठरलेली वेळ असते. इथे हा फरक जवळजवळ चार तासांचा आहे. सगळ्यात लवकरचा सूर्यास्त डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, 5:21 च्या आसपास, सगळ्यात छोटा दिवस मात्र 21 डिसेंबर, आणि सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, 8:03 ला. म्हणजे नाताळपर्यंत संध्याकाळ हळूहळू लांबायला लागलेली असते पण सकाळ अजून काळोखीच होत जाते. जानेवारीत उठवत नाही, आळस येतो अशी तक्रार सगळेच करतात, त्याचं एक कारण हे.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एक गोष्ट सांभाळा. त्या काळात सूर्यास्त रोज दीड मिनिटाने अलीकडे येतो. एका दिवसात कळत नाही पण महिन्याभरात पाऊण तास गेलेला असतो. जेवण झाल्यावर आठला चक्कर मारायची सवय उन्हाळ्यात लागते आणि सप्टेंबरच्या शेवटी त्याच वेळी ट्रेलवर अंधार असतो. तेव्हा चक्कर जेवणाआधी घ्या नाहीतर टॉर्च आणि रिफ्लेक्टरवालं जॅकेट घ्या, गडद रंगाचे कपडे घालून रस्त्याच्या कडेने चालू नका, इथे बऱ्याच रस्त्यांना फुटपाथ नाही.

घड्याळ बदलायचे दोन रविवार

मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार, दोन्ही पहाटे दोन वाजता. 2007 पासून हेच चालू आहे. मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे, नोव्हेंबरमध्ये एक तास मागे. 2026 मध्ये 8 मार्च आणि 1 नोव्हेंबर, 2027 मध्ये 14 मार्च आणि 7 नोव्हेंबर.

ह्याचा झटका किती बसतो ते बघा. 31 ऑक्टोबर 2026 ला, हॅलोविनच्या दिवशी, सूर्यास्त 6:44 ला आहे. दुसऱ्या दिवशी तोच 5:43 ला. शनिवारी पोरं उजेडात चॉकलेटं गोळा करायला निघालेली असतात आणि सोमवारी तुम्ही ऑफिसमधून निघता तेव्हा सूर्य टेकलेला असतो. त्या सोमवारच्या आधीच गाडीचे हेडलाइट, टेललाइट चालतायत ना ते बघून घ्या, एकाला मागे उभं करून ब्रेक दाबून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. मार्चमध्ये उलटं, संध्याकाळ एकदम 7:43 पर्यंत लांबते म्हणून सगळे खूश असतात पण सूर्योदय 8:06 वर जातो आणि शाळेची बस परत काळोखात.

गाडी चालवणाऱ्यांनी हे नक्की वाचा

इंडियानात सूर्यास्त ते सूर्योदय हेडलाइट लावणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि दिवसासुद्धा 500 फुटांवरचं स्पष्ट दिसत नसेल तर लावायचेच. ऑटो मोडवर फार विसंबू नका, धुक्यात बाहेर पांढरा उजेड असतो आणि ऑटोला वाटतं दिवस आहे, मग पुढचे बारीक दिवे लागतात पण मागचे लागतच नाहीत. नॉब स्वतः फिरवा. सायकल चालवत असाल तर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर लागतो, दोन्ही 500 फुटांवरून दिसायला हवेत.

आता हरणं. हा विषय मी जरा जास्त लिहिणार आहे कारण नवीन माणसाला हा धोका खरा वाटतच नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हा हरणांच्या माजाचा काळ, तेव्हा ती सगळ्यात जास्त रस्त्यावर येतात, आणि त्यांची हिंडायची वेळ म्हणजे पहाट आणि तिन्हीसांजा. आणि नेमकं नोव्हेंबरमध्ये घड्याळ मागे गेल्यामुळे आपली घरी जायची वेळ त्या तिन्हीसांजेवर येऊन बसते. ऑक्टोबरात झाडांच्या पानांचे रंग बघायला सगळे स्टेट रोड 46 ने पश्चिमेला ब्राउन काउंटीत जातात, नॅशव्हिल गावात हिंडतात, स्टेट पार्कमध्ये फोटो काढतात आणि बरोब्बर सूर्यास्त बघून परत निघतात. तो रस्ता वळणावळणाचा, दोन्ही बाजूला झाडी, दिवे नाहीत. त्यापेक्षा सूर्यास्ताच्या तासभर आधी निघा, किंवा तिथेच जेवा आणि पूर्ण अंधार झाल्यावर अगदी सावकाश या. समोरून गाडी नसेल तेव्हा हाय बीम लावा, कडेला हिरवट चमकणारे डोळे दिसले की वेग कमी करा. एक हरीण पलीकडे गेलं म्हणजे संपलं असं समजू नका, मागून दुसरं आणि तिसरं येतंच. आणि अगदी समोर आलंच तर जोरात ब्रेक मारा पण आपल्या लेनमध्येच राहा, स्टिअरिंग फिरवू नका, कारण हरणाला चुकवायला जाऊन झाडावर किंवा समोरच्या गाडीवर आपटणं हे हरणाला धडकण्यापेक्षा कितीतरी वाईट.

सूर्य डोळ्यावर येणं हा दुसरा त्रास. मार्च आणि सप्टेंबरच्या विसाव्या तारखेच्या आसपास सूर्य अगदी बरोबर पश्चिमेला मावळतो आणि 25th स्ट्रीटसारखे सरळ पूर्व-पश्चिम रस्ते असतात त्यावर समोरचा सिग्नलच दिसत नाही. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या 31 अंश उत्तरेला सरकून मावळतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. काच आतून पुसून ठेवा, आतल्या बाजूला जो धुरकट थर बसतो त्यानेच अर्धं दिसेनासं होतं.

हिवाळ्यात सूर्यास्तानंतर अजून एक बघायचं, तापमान. दिवसा 36-37 फॅरनहाइट असलं की बर्फ वितळून रस्ता ओला होतो, सूर्य गेला की पारा 32 च्या खाली येतो आणि त्या पाण्याचा पातळ पारदर्शक बर्फ होतो. पूल आधी गोठतात कारण त्यांना खालूनही थंड हवा लागते. गावाला फ्लॅटरॉक आणि ड्रिफ्टवुड अशा दोन नद्या येऊन मिळतात, त्यामुळे पश्चिमेला आय-65 हायवेकडे जाताना पूल ओलांडावाच लागतो. तिथे हळू जा, ब्रेक दाबायचा तो हलकेच.

सकाळच्या काळोखातली स्कूल बस पण लक्षात ठेवा. लाल दिवे लागले आणि स्टॉपचा हात बाहेर आला की मध्ये डिव्हायडर नसलेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूच्या गाड्या थांबतात, समोरून येणाऱ्यासुद्धा. नोव्हेंबर ते मार्च मुलं अंधारात उभी असतात. आपल्या मुलांच्या दप्तराला रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा, जॅकेट शक्यतो भडक रंगाचं घ्या.

घरात काय करायचं

मे ते ऑगस्ट मुलांच्या खोलीला ब्लॅकआउट पडदे लावाच. साधे पडदे चालत नाहीत, साडेनऊपर्यंत उजेड आत येतो आणि पोरांचं म्हणणं बरोबरच असतं की अजून दिवस आहे. पडद्याचा दांडा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी थोडा रुंद घ्या म्हणजे कडेने फट राहत नाही. जेवणाची वेळ सूर्यावर ठेवू नका, घड्याळावर ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात रात्री साडेनऊला कुकर लागतो. सुट्टीच्या दिवशी मात्र मुलांना दहापर्यंत जागू द्या, जूनमध्ये साडेनऊनंतर गवतावर काजवे येतात, अंगणभर. इंडियानाने 2018 मध्ये काजव्यालाच राज्याचा कीटक म्हणून जाहीर केलंय. 4 जुलैची आतषबाजी सुद्धा दहाच्या सुमारास असते, आधी अंधारच होत नाही, तेव्हा लहान मुलांना दुपारी झोपवून न्या.

हिवाळ्यासाठी उलट. दुपारच्या सुट्टीत पंधरा-वीस मिनिटं बाहेर चालून या, थंडी असली तरी, कारण नोकरी करणाऱ्याला सोमवार ते शुक्रवार तेवढाच सूर्य मिळतो. आणि आईवडील भारतातून येणार असतील तर त्यांना मे ते सप्टेंबरमध्ये बोलवा. ते गाडी चालवत नाहीत, दिवसभर घरी असतात, त्यांना संध्याकाळी मिल रेस पार्कात नदीकाठी किंवा लायब्ररीसमोर त्या मोठ्या कमानीच्या शिल्पापाशी बसता आलं पाहिजे. डिसेंबरात साडेपाचला अंधार झाला की त्यांचा जीव अगदी कासावीस होतो.

देवापुढचा दिवा, चतुर्थी आणि लक्ष्मीपूजन

रोजच्या दिव्याबद्दल विचाराल तर दोन पद्धती दिसतात. काही घरी खऱ्या सूर्यास्ताला लावतात, जूनमध्ये मग सव्वानऊला. काही घरी वर्षभर सातला. लहान मुलं असतील तर सातच बरं असं माझं मत, शुभंकरोती म्हणायला मुलं जागी तर हवीत.

पण सणांचं तसं चालत नाही. भारतातून आणलेलं कालनिर्णय भिंतीवर जरूर लावा, पण त्यातल्या वेळा इथल्या नाहीत आणि कधीकधी तारीखही इथली नसते. तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी लागते आणि संपते, पण सूर्योदय, सूर्यास्त, चंद्रोदय जागेप्रमाणे बदलतात, आणि सण ठरतो तो ह्या दोन्हींचा मेळ घालून. 2025 ची दिवाळी घ्या. अमावस्या भारतात 20 ऑक्टोबरला दुपारी पावणेचारच्या सुमाराला लागली आणि 21 ला संध्याकाळी सहाच्या आत संपली, महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन 21 ला झालं. तीच अमावस्या कोलंबसच्या घड्याळात 20 ला सकाळी सव्वासहाला लागली आणि 21 ला सकाळी साडेआठच्या आत संपली सुद्धा. म्हणजे इथे अमावस्येची संध्याकाळ एकच, 20 तारखेची, सूर्यास्त सातच्या सुमाराला. पुण्यातल्या आईशी बोलून 21 धरली असती तर इथे प्रतिपदेला पूजा झाली असती. 2026 ला लक्ष्मीपूजन दोन्हीकडे 8 नोव्हेंबरलाच आहे, पण तोवर घड्याळ मागे गेलेलं असणार आणि सूर्यास्त 5:36 ला. रविवार आहे, त्यामुळे तयारी दुपारीच करून ठेवा, प्रदोषकाळ सूर्यास्तापासून साधारण सव्वादोन-अडीच तास असतो.

संकष्टी करणाऱ्यांनी तर चंद्रोदय इथलाच बघायचा. उन्हाळ्यात सूर्यास्तच नऊनंतर, त्यामुळे चंद्र दिसायला रात्रीचे अकरा वाजून जातात. मधुमेह असेल किंवा गोळ्या चालू असतील तर संध्याकाळी फराळ करून घ्या, एवढं ताणू नका. दृक पंचांगासारख्या साइटवर शहर बदलता येतं, तिथेही इंडियानाचंच कोलंबस निवडलंय ना ते बघा.

पुण्याचे फोन आणि मीटिंगा

उन्हाळ्यात भारत साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा तास. पुण्याचं घड्याळ कधीच बदलत नाही, बदलतो ते आपण. पुण्याच्या माणसाने तिथल्या संध्याकाळी साडेसहाची मीटिंग लावली असेल तर हिवाळ्यात ती तुमच्या सकाळी आठला येते आणि मार्चनंतर नऊला सरकते. तुम्ही तुमच्या आठला लावली असेल तर पुण्याची मंडळी साडेसहाऐवजी साडेपाचला बसतात. दोन्ही रविवारांच्या आधीच्या शुक्रवारी टीमला एक ओळ लिहून टाका की सोमवारपासून वेळ काय असेल, नाहीतर निम्मी माणसं तासभर आधी येऊन बसतात. आईबाबांना पण सांगून ठेवा, ते सकाळी साडेसहाला चहा घेता घेता फोन करतात तेव्हा तुमच्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे नऊ असतात, हिवाळ्यात आठ.

फोन आणि लॅपटॉपची घड्याळं आपोआप बदलतात. मायक्रोवेव्ह, ओव्हन, जुन्या गाडीतलं घड्याळ आणि देवघराच्या दिव्याचा टायमर मात्र हाताने बदलावे लागतात, ते शनिवारी रात्री झोपायच्या आधीच करून टाका.